मित्राच्या पायात नसलेलं प्रोटीन

२ मार्च
आज मैदानावर यादगिरी सरांनी स्टॉपवॉच कानाशी धरून हलवलं. बंद पडलंय की काय अशी त्यांना शंका आली असावी. मित्राला अर्धा तास सावलीत बसवलं आणि पुन्हा दोनशे मीटर पळवलं. दुसऱ्यांदाही जवळपास तेवढाच वेळ लागला. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "दौलत भाई, ये पोट्टी स्टेट में पहले दो में आ सकती."

सर कधी कुणाचं कौतुक करत नाहीत, त्यामुळे मी दोनदा विचारून घेतलं. राज्य स्पर्धा मेच्या सुरुवातीला आहे आणि पहिल्या दोघीच राष्ट्रीय स्पर्धेला जातात. मित्रा म्हणजे आमची संघमित्रा अठरा पूर्ण करून पुढे चाललीये. ज्युनिअरमधलं तिचं हे शेवटचं वर्ष. हा मे गेला की गेला.

सरांनी सगळ्या पालकांना सांगितलंय, पोरांची झोप, जेवण, पायाची तक्रार रोज लिहून ठेवा. मी ऑफिसातून आणलेली रेल्वेची डायरी काढली. सरांना हवं ते एका ओळीत संपतं: झोप पुरेशी, जेवण दोन भाकरी आणि अंडी, पोटरी ठीक. उरलेलं पान मला.

घरी मित्राच्या आईला, गीताला, बातमी सांगितली. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "मग तिला अजून एक अंडं वाढवा. भाषण नका वाढवू."

९ मार्च
झोप ठीक. गुडघा ठीक.

मैदानावर प्राजक्ता मॅडम भेटल्या. पुण्याच्या, इकडे आयटीत आहेत, सैनिकपुरीत राहतात. त्यांची शर्वरी मित्राबरोबरच दोनशे पळते. मॅडमनी तिची जनुकीय चाचणी करून घेतलीये. मोबाइलवर रिपोर्ट दाखवला. आपल्या स्नायूंत दोन तऱ्हेचे तंतू असतात, जलद आणि सावकाश. एसीटीएन-थ्री नावाचं एक जनुक आहे. त्याच्यावरून अल्फा-ॲक्टिनिन-थ्री हे प्रोटीन तयार होतं, आणि ते फक्त जलद तंतूंत असतं. झटक्यात ताकद लावायची असेल तर ते कामाला येतं. शर्वरीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती शाबूत आहेत. रिपोर्टवर हिरव्या रंगात लिहिलं होतं: वेग आणि ताकदीच्या खेळांना अनुकूल.

"आता कसं, अंदाजाने नाही," मॅडम म्हणाल्या. "आत काय आहे ते माहीत असलं की ट्रेनिंग नीट ठरवता येतं, सर."

मला एकदम पटलं. मी वेळापत्रक विभागात आहे. गाडी पॅसेंजर आहे की एक्स्प्रेस, हे कळल्याशिवाय तिला मार्ग कसा देणार? आणि शर्वरी तर मित्राच्या मागे असते. तिचा रिपोर्ट हिरवा, तर मित्राचा काय असेल?

१२ मार्च
चाचणीची नळी आली. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि मग नळीत खुणेपर्यंत थुंकायचं. मित्राला थुंकीच येईना. गीता समोर उभी राहून म्हणाली, "चिंचेची चटणी आठव. ती हिरवी मिरची घातलेली." नळी भरली. मित्रा हसून हसून लाल झाली होती.

कंपनीच्या साइटवर खातं उघडणं, मेल जोडणं, पासवर्ड, सगळं मित्राने तिच्या फोनवरून करून दिलं. मला त्यातलं कळत नाही.

२८ मार्च
रिपोर्ट आला.

मी ऑफिसात दुपारच्या चहाला मेल उघडली. ती आधीच वाचून झाल्यासारखी दिसत होती. माझंच बोट कधीतरी लागलं असेल.

हिरवा नाही. मित्राच्या दोन्ही प्रतींत मधेच थांबण्याचा संकेत आलाय. वाक्य लिहिता लिहिता अर्ध्यात पूर्णविराम पडावा तसा. त्यामुळे ते प्रोटीन तिच्या शरीरात तयारच होत नाही. कमी होतं असं नाही, मुळीच नाही. खाली लिहिलंय: हा आजार नव्हे, जगात साधारण पाचात एकाचं असं असतं, रोजच्या जगण्यात काही फरक पडत नाही. दीर्घ पल्ल्याच्या प्रकारांना अनुकूल.

मी चहा तसाच ठेवला. पोरीला सांगायचं नाही असं ठरवलं. तिचं मन खचेल.

घरी आलो तर ती क्वार्टरच्या मागच्या बोळात एकटीच सुरुवातीचा सराव करत होती. वाकायचं, सुटायचं, दहा पावलं, परत. घामाने निथळत होती. रात्री जेवताना विचारलं तिने, "पप्पा, शरीरात एखादी गोष्ट नसली, तर शरीर तिच्या जागी दुसरं काही वापरत असेल का?"

कॉलेजात जीवशास्त्राची परीक्षा असेल. मी म्हणालो, वापरत असेल. तिने आणखी एक भाकरी घेतली.

२९ मार्च
गीताला सांगितलं. पहिला प्रश्न, "हे कुणाकडून आलं?"

"तुझ्याकडून असेल."

"कामून? माझा चुलता आख्ख्या परभणीत कबड्डीला नावाजलेला. तुमच्याकडं सगळे बसून निवडणूक सांगणारे."

भांडण चढत चाललं होतं, तेवढ्यात कंपनीच्या सल्लागार मुलीचा फोन आला. रिपोर्टबरोबर एक फोन फुकट असतो. मी स्पीकर लावला. ती म्हणाली, एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही तशा असतील तरच प्रोटीन अजिबात तयार होत नाही. म्हणजे भांडण बरोबरीत सुटलं.

मुलगी पुढे बरंच बोलली. या एका जनुकाने पळण्यातला फारच थोडा फरक ठरतो, अशी शेकडो जनुकं आहेत, या प्रोटीनच्या जागी त्याचं एक भावंड काम करतं, आणि केवळ यावरून खेळ बदलू नका असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो. सांगावंच लागतं त्यांना, सगळ्या कंपन्या खाली बारीक अक्षरांत असं काहीतरी लिहितात. मुद्दा एवढाच, की पोर चुकीच्या मार्गावर धावत होती आणि ते आम्हाला वेळेत कळलं. खरं तर मला फार हुरूप आलाय. दोनशेत जी इतकी पळते, ती आठशेत काय करेल?

५ एप्रिल
यादगिरी सरांशी बोललो. रिपोर्ट दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला.

"ये क्या है, भाई? खून की रिपोर्ट?"

"थुंकी की, सर."

"थूक में दौड दिखती क्या?" मग म्हणाले, आठशेला हरकत नाही, पायात दम येईल. पण स्पर्धेत प्रकार बदलायचा तर पोरीचं मन हवं. "मित्रा से बात हुई?"

"घर में बात हो गई," मी म्हणालो.

झाली होती बात. गीताशी.

मित्राला मी सांगितलं, महिनाभर थोडं लांबचं पळ, दम वाढेल. ती म्हणाली, "हौ." हैदराबादेत वाढलेली पोरं आपल्याशीसुद्धा हौ म्हणतात.

८ एप्रिल
आज सरांनी आठशेची चाचणी घेतली आणि मित्राने सगळ्यांना मागे टाकलं. मुलांमधले दोघे होते, तेही मागे. मी कठड्यावरून उडी मारून आत गेलो. वॉचमनने शिटी वाजवली.

एक गंमत झाली. सहाशेपर्यंत ती घोळक्यात कंटाळल्यासारखी पळत होती. शेवटच्या वळणावर मात्र कुणीतरी मागून हाक मारावी तशी सुटली. सर फक्त तेवढंच बघत होते. त्यांनी घड्याळही वळणावरच दाबलं. मी विचारलं, असं का, तर म्हणाले, "देखो ना आप भी."

मी बघितलं की. ती जिंकली.

मित्राला विचारलं कसं वाटलं. म्हणाली, "शेवटी बरं वाटलं. त्याच्या आधी नुसती वाट बघत होते."

नवीन प्रकाराची सवय व्हायला वेळ लागतो.

१४ एप्रिल
जयंती. कॉलनीच्या हॉलमध्ये यंदा भाषण माझ्याकडे होतं. तीन दिवस तयारी केली होती. आपल्या लोकांच्या पिढ्यान्पिढ्यांना सांगितलं गेलं की तुम्ही कुठवर जाणार हे तुमच्या जन्मातच ठरलंय. माझ्या वडिलांना मास्तरांनी दाराबाहेर बसवलं, तेव्हाही हेच कारण होतं. तरीही ते शिकले, रेल्वेत लागले, नांदेडहून बदली घेऊन सिकंदराबादला आले. मी म्हणालो, माणसाची पायरी त्याच्या जन्मावरून कुणी सांगू लागलं, तर त्याला विचारा, तुम्ही मला चालताना पाहिलंय का? खूप टाळ्या पडल्या. हिम्मतराव अध्यक्ष होते, त्यांनी उठून हात मिळवला.

मित्रा पांढऱ्या ड्रेसमध्ये पहिल्या रांगेत होती. टाळ्या वाजवल्या नाहीत, पण पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती. घरी येताना म्हणाली, "चांगलं बोललात, पप्पा. मला सगळं पटलं. तुम्हाला?"

आजकालची पोरं असे उलट प्रश्न विचारतात. मी म्हणालो, मनापासून बोललो. फार चांगला दिवस गेला.

१५ एप्रिल
सकाळी ऑफिसला जाण्याआधी स्पर्धेची नोंदणी करून टाकली. यंदा ती पालकांनीच ऑनलाइन करायची आहे. दोन प्रकार घेता येतात. आठशे आणि पंधराशे. आपण पोरीसाठी काहीतरी मोठं केलं असं वाटलं.

झोप कमी, पाच तास. माझी. तिची ठीक.

१९ एप्रिल
पाण्याच्या टाकीमागे मित्रा आणि शर्वरी बसल्या होत्या. मी पलीकडे बुटाची नाडी बांधत होतो.

"अदलाबदल करू या का?" शर्वरी म्हणत होती. "तू माझा घे, मी तुझा घेते. माझ्या आईला सांगू, लॅबवाल्यांनी घोळ केला."

"आणि माझ्या पप्पांना?"

"तुझे पप्पा तरी ओरडत नाहीत. माझी आई सकाळी पाचला म्हणते, ऊठ, तू जन्मजात स्प्रिंटर आहेस. मला जन्मजात झोप येते."

दोघी खूप हसल्या. कसली अदलाबदल कोण जाणे, बहुतेक कॉलेजच्या जर्नलची. पण मित्रा खुशीत आहे. आठवड्याभरात तिने सुरुवातीच्या सरावात सरांना दोनदा चकित केलं म्हणे. आठशेला सुरुवात इतकी महत्त्वाची नसते, हे मी सरांना सांगणार आहे.

२२ एप्रिल
आज लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

संध्याकाळी ग्रुपवर खेळाडूंची यादी आली. मी घरात शिरलो तेव्हा मित्रा जमिनीवर बसून स्पाइक्सच्या बुटांचे खिळे काढत होती. गीता शेजारी होती. टीव्ही बंद होता.

"दोनशेत माझं नाव नाही," ती म्हणाली.

मी समजावायला सुरुवात केली. म्हणालो, तुला आधी सांगितलं नाही, पण एक रिपोर्ट आहे.

"मी तुमच्या आधी वाचला, पप्पा. मेल माझ्या फोनवर येते."

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "त्या दिवशी वाचलं आणि दोन दिवस मला स्वतःचेच पाय परके वाटले. मग म्हटलं, ते प्रोटीन आत्ता गेलंय थोडंच? मार्चमध्ये सरांनी घड्याळ हलवलं तेव्हाही नव्हतंच. तेव्हा मी कशाने पळाले? मला ते बघायचं होतं, पप्पा. मजा वाटत होती मला त्याची. आणि तुम्ही माझं नावच काढून टाकलं."

"अगं, हे विज्ञान आहे. मी तुझ्या भल्यासाठी..."

"चौदा तारखेला माईकवर कोण बोललं, जन्मावरून पायरी सांगू नका म्हणून?"

"ते वेगळं. हे वेगळं. हे प्रयोगशाळेतून लिहून आलंय."

"आजोबांच्या मास्तरांकडे पण लिहिलेलंच होतं की."

गीता उठून आत गेली. जाता जाता एवढंच म्हणाली, "मी पण बघत बसले. तिला विचारायचं मला पण सुचलं नाही."

मला राग आला होता, तो का आला होता हेही आता आठवत नाही. फोन उघडून तो रिपोर्ट पुन्हा वाचला, मार्चमध्ये वगळलेल्या ओळींसकट. त्या मुलीने फोनवर सांगितलेलं सगळं त्यात आहे. बारीक अक्षरांत नाही, चांगल्या ठळक अक्षरांत आहे.

२३ एप्रिल
रजा टाकली. स्पर्धेच्या कार्यालयात गेलो. टेबलामागचे गृहस्थ भले होते, पण नोंदणी बंद झालीये. वेळापत्रकाच्या माणसाला याचं उत्तर माहीत असतं, मी स्वतः रोज लोकांना तेच देतो. मी हललो नाही. मग त्यांनीच सांगितलं, एक वाट आहे. क्लबची एखादी मुलगी त्या प्रकारातून माघार घेत असेल, तर स्पर्धेच्या आदल्या दिवशीच्या बैठकीपर्यंत तिच्या जागी त्याच क्लबची दुसरी देता येते. प्रशिक्षकाची सही लागेल.

आमच्या क्लबचं दोनशेत एकच नाव आहे. शर्वरी.

यादगिरी सरांना खरं सांगितलं, की त्या दिवशी घरात काही बोलणं झालं नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढलं. "सही मैं अभी कर देता," म्हणाले. "लेकिन उस बच्ची का नाम मैं नहीं काटता. आप मां से बोलो. और झूठ नक्को."

२४ एप्रिल
प्राजक्ता मॅडमना कसं विचारायचं? माझी पोर पळावी म्हणून तुमची बसवा, असं? तरी विचारलं. झालेलं सगळं सांगितलं. मित्राचा रिपोर्टही दाखवला.

त्या गोंधळून गेल्या. "पण सर, मग तर उलट व्हायला हवं. शर्वरीकडे ते आहे. मित्राकडे नाही."

शर्वरी मागेच उभी होती. "आई, मी माघार घेते."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मीच बोलायला हवं ना? मला पळायला आवडत नाही. तीन वर्षं सांगतेय."

"मला वाटायचं, आळस करतेस."

"आळस पण आहे," शर्वरी म्हणाली. "पण आवडत नाही ते वेगळं आहे."

मॅडम चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, पुन्हा आत ठेवला. मग मला म्हणाल्या, "आम्हाला आजचा दिवस द्या, सर."

२५ एप्रिल
सकाळी मॅडमचा मेसेज: सरांना माघारीचा कागद दिलाय. खाली आणखी एक ओळ: शर्वरी अजून झोपली आहे.

मी धावत मैदानावर गेलो. या वयात, ऑफिसच्या बुटांत. मित्रा वॉर्मअप करत होती. मी धापा टाकत सांगितलं. ती थांबली नाही. पुढची फेरी मात्र नुसत्या उड्या मारत घेतली.

मग परत आली आणि म्हणाली, "तुमची सुरुवात चांगली आहे, पप्पा. शेवटी दम जातो."

आमच्यात एवढंच बोलणं झालं. मी घरापर्यंत चालत आलो. रिक्षा करायचं सुचलंच नाही.

२ मे
गच्चीबावलीचं स्टेडियम. प्राथमिक फेरीत मित्रा आरामात आली. अंतिम फेरी उद्या. आठशे-पंधराशेतून तिचं नाव तिने स्वतः काढलं. झोप ठीक, जेवण ठीक, पाय ठीक. माझं यातलं काहीच ठीक नाही.

३ मे
आठ मुली. मित्रा सहाव्या लेनमध्ये. वरंगलची एक उंच मुलगी चौथ्या लेनमध्ये, सगळे तिचंच नाव घेत होते. गीता मनाई असताना कठड्याच्या पुढे गेली होती. प्राजक्ता मॅडम आणि शर्वरी आल्या होत्या. शर्वरीच्या हातात कणीस होतं.

बंदूक वाजली आणि मी डोळे मिटले. मग लगेच उघडले, कारण गीताने माझ्या दंडावर नखं रोवली होती. वळणावर मित्रा पाचवी होती. माझ्या डोक्यात तो रिपोर्टच आला, खोटं कशाला लिहू. वाटलं, हेच ते. इथेच ते प्रोटीन लागतं. आणि तेवढ्यात ती वळणातून बाहेर आली.

ते मला नीट लिहिता येणार नाही. तिची पावलं वाढली नाहीत, उलट लहान वाटली, पण जमीन तिच्याखालून मागे जायला लागली. पाचवीची चौथी, मग तिसरी. आजूबाजूला सगळे तेलुगूत ओरडत होते आणि मी मराठीत. काय ओरडत होतो ते शर्वरीने नंतर सांगितलं. म्हणे मी एकच शब्द ओरडत होतो, "बघा, बघा, बघा." कुणाला म्हणत होतो देव जाणे.

वरंगलची मुलगी स्पष्ट पहिली. दुसऱ्या जागी दोघी एकदम. फलकावर नाव यायला वेळ लागला. गीता खाली बसली. यादगिरी सरांनी या वेळी घड्याळ हलवलं नाही, खिशात घालून टाकलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मग नाव आलं. संघमित्रा दौलत खिल्लारे. दोन शतांश सेकंदाने दुसरी.

सरांनी मला उचललं. मी सत्त्याहत्तर किलोचा माणूस आहे.

आम्ही आत पोचलो तेव्हा मित्रा रेषेपलीकडे पाठीवर पडली होती. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, डोळे आभाळाकडे. गीताने तिचं डोकं मांडीवर घेतलं. कशाने पळाली असेल? तिच्या जलद तंतूंत ते प्रोटीन आजही नव्हतं. त्याच्या जागी ते भावंड काम करत असेल, किंवा आणखी शेकडो गोष्टी, ज्यांचं अजून नावही कुणी ठेवलं नसेल. मला ते जाणून घ्यावंसं वाटतंय, भीतीने नाही, नुसत्या उत्सुकतेने.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण कागद घेऊन आला. राष्ट्रीय स्पर्धेच्या शिबिरासाठी नावं घेत होता. पोर पडलेली पाहून माझ्याकडे वळला.

"आप फादर? ईव्हेंट कौनसा लिखूं?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. बरोबर उत्तर होतं.

"उसी को पूछो," मी म्हणालो.

तो वाकला. मित्राने एक मोठा श्वास घेतला, उठून बसली आणि म्हणाली, "दो सौ."